व्होल्ट मधल्यामध्ये जातात कुठे? ट्रक सेल्फ घेत नसेल तर बिघाड शोधायची रीत

चावी फिरवली आणि सेल्फने, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरने, नुसतं 'टक्' केलं, की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एकतर बॅटऱ्या बदलल्या जातात, नाहीतर सेल्फ उतरवून दुरुस्तीला जातो. दोन्ही खर्चाची कामं. शिवाय जड ट्रकचा सेल्फ उतरवायचा म्हणजे गाडीखाली आडवं पडून पंधरा-वीस किलोचं धूड हातावर झेलायचं. एवढं करून सेल्फ टेबलावर मस्त फिरतो, परत बसवला की पुन्हा 'टक्'. कारण बिघाड बॅटरीतही नव्हता आणि सेल्फमध्येही नव्हता. तो होता दोघांच्या मधे: केबलच्या टोकाच्या एखाद्या गंजलेल्या लगमध्ये, अर्थच्या (बॅटरीचा मायनस चासीशी म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी आणि इंजिनशी जोडणाऱ्या) पट्टीत, नाहीतर बॅटरीच्या मेन स्विचमध्ये.

म्हणून या लेखात पाना शेवटी येतो. बॅटरीतून किती व्होल्ट निघाले, सेल्फपर्यंत किती पोचले आणि वाटेत किती गळाले, याचा हिशेब आधी लावायचा. हा हिशेब सेल्फ मारत असतानाच लागतो. गाडी शांत उभी असताना कुजलेल्या केबलच्या टोकाशीही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. केबलची एकच तार शाबूत असेल तरी त्याला पुरते. सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात.

पुढचे आकडे २४ व्होल्टच्या गाडीचे आहेत, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या. काही देशांतल्या ट्रकांत १२ व्होल्टचीच यंत्रणा असते आणि तीन-चार बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. तिथे एकूण व्होल्टेजचे आकडे निम्मे धरा. मात्र तिथे तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबलमधली घट जास्त जाचते.

सुरू करण्याआधी

डिजिटल मल्टिमीटर हवाच. त्यात सर्वांत कमी आकडा धरून ठेवायची सोय असेल तर उत्तम, नाहीतर चावी फिरवायला एक माणूस सोबत घ्या. २१ वॅटचा २४ व्होल्टचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प हवा. डीसी करंट मोजणारा मोठा क्लॅम्प मीटर असला तर काम निम्मं होतं. पण तो डीसीचाच हवा, घरच्या वायरिंगचा फक्त एसी मोजणारा क्लॅम्प इथे निरुपयोगी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर. बाकी वायर ब्रश, पाने, टॉर्च.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसपासून चासीपर्यंत अंगठी टेकली तर ती क्षणात लाल होते. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे विडी, लायटर, ठिणगी काही नको. केबल सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. यामागचं कारण साधं आहे: मायनस सुटलेला असला की प्लसवरचा पाना चुकून चासीला लागला तरी शॉर्ट होत नाही. ॲसिड डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं पाण्याने धूत राहा आणि मग डॉक्टर.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांत दोन मिनिटं सोडा. आधीच अडखळणारा सेल्फ दाबून धरला की आतलं सोल्डर वितळतं आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आधी कान द्या

केबिनमधला दिवा किंवा हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. आवाज आणि उजेड दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचं. यातून पुढची वाट ठरते.

डॅशबोर्डच उजळला नाही तर मुख्य पुरवठाच तुटलेला आहे: मेन स्विच, मुख्य फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल. डॅशबोर्ड नीट उजळला, पण सेल्फकडून टक् सुद्धा नाही आणि दिवा जराही मंद झाला नाही, तर सेल्फला हुकूमच पोचत नाही. कंट्रोलच्या वायरिंगकडे जा. एकच जड 'टक्', पण दिवा तसाच लख्ख, याचा अर्थ सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) ओढला गेला पण मोटरमधून करंट वाहिला नाही. संशय सोलेनॉइडच्या आतल्या संपर्कांवर किंवा कार्बनवर (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या ब्रशवर). तेच 'टक्' झालं आणि दिवा पार विझला, तर बॅटरी बसलेली आहे, टर्मिनल सैल आहे किंवा इंजिनच जाम आहे.

'टक-टक-टक-टक' हा आवाज सर्वांच्या ओळखीचा. सोलेनॉइडमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक ओढणारं आणि एक धरून ठेवणारं. ओढलं, संपर्क जुळले, मोटरने करंट मागितला, व्होल्टेज कोसळलं, धरून ठेवायला ताकद उरली नाही, सुटलं. सुटताच व्होल्टेज परत आलं आणि पुन्हा ओढलं. बहुतेक वेळा कारण बॅटरी किंवा जोडणी. पण बॅटरी ठणठणीत असूनही हा आवाज येत असेल तर धरून ठेवणारं वाइंडिंग तुटलेलं असू शकतं.

सेल्फ 'घुंईऽऽ' करून मोकळाच फिरला तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक म्हणजे पिनियन इंजिनच्या रिंगमध्ये गुंतवणारा भाग) घसरतंय किंवा फ्लायव्हील रिंगचे दात गेलेत. तिथे मीटरचं काम नाही. आणि इंजिन फिरतंय पण कण्हत-कण्हत, तर खालच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने करा. सर्वांत जास्त गाड्या याच प्रकारात येतात.

पायरी पहिली: बॅटऱ्या, एकेक करून

दोन्ही बॅटऱ्यांचं एकत्र व्होल्टेज मोजून समाधान मानणं ही या कामातली सर्वांत सर्रास होणारी चूक. २४.४ व्होल्ट दिसले म्हणजे दोन्ही १२.२ असतीलच असं नाही. एक १२.७ आणि दुसरी ११.७ असली तरी बेरीज तीच येते. मालिकेतला करंट दोन्हींतून सारखाच जातो, त्यामुळे कमकुवत बॅटरी चांगलीलाही अडवते.

गाडी नुकतीच चालून आली असेल तर प्लेटांवरचा वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. दोन-तीन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मा, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १०.५ च्या आसपास आकडा आला तर एक सेल मेलेला समजा, कारण एका सेलचे सुमारे २.१ व्होल्ट असतात आणि तेवढेच गायब आहेत. अशी बॅटरी चार्जिंगला लावून उपयोग नाही.

झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटर मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो. पूर्ण चार्जला घनता १.२६५ च्या जवळ, निम्म्या चार्जला १.१९० च्या जवळ. एकूण आकड्यापेक्षा सेलमधला फरक पाहा: पाच सेल १.२५० आणि एकच १.१९० असेल तर ती बॅटरी बाद. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. आणि पाणी घातल्याघातल्या घनता मोजू नका; ते मिसळायला चार्जिंग व्हावं लागतं.

आता खरी परीक्षा. मीटरची टोकं एका बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा. क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच. सोबत्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. नंतर दुसऱ्या बॅटरीवर तेच. साधारण हवामानात प्रत्येक बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. एक ११ वर टिकली आणि दुसरी ७ वर कोसळली, तर चोर सापडला. दोन्ही सारख्याच घसरल्या तर आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा. अर्धवट चार्ज असलेल्या बॅटरीवरून कसलाच निकाल देऊ नये, ना बॅटरीचा ना सेल्फचा.

इंजिन मधेच सुरू होऊ नये म्हणून इंधन बंद ठेवायची त्या गाडीची जी ठरलेली रीत असेल ती वापरा. कॉमन रेल इंजिनवर अंदाजाने प्लग ओढत बसू नका, आणि हाय प्रेशरचा पाइप तर सैल करूच नका.

दोनपैकी एकच बॅटरी पुन्हा पुन्हा मरत असेल तर त्या बॅटरीला दोष देण्याआधी पाहा, की कुणी खालच्या (चासीला मायनस जोडलेल्या) बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून टेप, पंखा किंवा चार्जर लावलाय का. हा प्रकार फार दिसतो. ज्या बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढले जातात ती कायम उपाशी राहते. अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो, त्यामुळे दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. थोड्याच दिवसांत दोन्ही कामातून जातात. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. आणि बॅटऱ्या बदलायच्या तर जोडीने, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या.

थंडीचा हिशेब वेगळा. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते, म्हणजे दोन्हीकडून मार. पार उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला जंप किंवा चार्जर लावू नका. ती फुटू शकते.

पायरी दुसरी: वाटेतली गळती

लोक सर्वांत जास्त टाळतात ती हीच पायरी. खरं तर तिला पाचेक मिनिटं लागतात, आणि तिच्यात काहीही उघडावं लागत नाही.

तत्त्व एवढंच: वाहत्या करंटच्या वाटेत जिथे अडथळा आहे तिथे, त्याच्या दोन टोकांमध्ये, व्होल्टेज दिसतं. निकोप केबलच्या दोन टोकांत मीटर लावला तर आकडा शून्याच्या जवळ हवा. सगळी मापं सेल्फ मारत असतानाच घ्यायची.

मापं या क्रमाने घ्या. एक: टोकाच्या दोन खुंट्यांत, म्हणजे जोडीच्या मुख्य प्लस आणि मुख्य मायनसवर. दोन: सेल्फच्या मोठ्या स्टडवर, ज्याला बऱ्याच गाड्यांत ३० नंबर असतो, आणि सेल्फच्या अंगावर. तीन: बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या स्टडपर्यंत. चार: सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या मायनस खुंटीपर्यंत. अंगावर टोक टेकवताना रंग आणि तेलकट थर खरवडा, नाहीतर आकडा भलताच येईल.

एक उदाहरण घेऊ. बॅटरीवर २१.४ व्होल्ट, सेल्फवर १८.६. म्हणजे २.८ व्होल्ट वाटेत गेले. प्लसच्या बाजूचं माप ०.६ आलं, मायनसच्या बाजूचं २.२. बेरीज २.८, हिशेब जुळला. बिघाड अर्थमध्ये आहे. आता मायनसच्या वाटेचे तुकडे पाडा. खुंटी ते क्लॅम्प ०.१. क्लॅम्प ते चासीवरचा बोल्ट ०.२. चासी ते इंजिन ब्लॉक १.८. ब्लॉक ते सेल्फचं अंग ०.१. झाले २.२. इंजिन आणि चासी यांना जोडणारी वेणीची पट्टी किंवा तिचे बोल्ट, एवढंच उघडायचं. बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

१.८ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण सेल्फ ५०० अँपिअर ओढत असेल तर त्या एका जोडावर ९०० वॅट उष्णता होऊन वाया जात असतात. म्हणूनच खराब जोड हाताला गरम लागतो. थोडा वेळ सेल्फ मारून झाल्यावर जोडांजवळ हात न्या. आधी जवळ, मग जपून स्पर्श. चांगलाच चटका बसू शकतो.

किती घट चालते? प्लसची पूर्ण बाजू अर्ध्या व्होल्टच्या आत असावी, मायनसचीही तशीच. एक व्होल्टच्या वर गेली तर शोधलीच पाहिजे. एकेका जोडावर ०.१, फार तर ०.२. मेन स्विचच्या दोन टोकांतली घट वेगळी मोजा. आतले तांब्याचे संपर्क जळाले तरी हे स्विच बाहेरून धडधाकट दिसतात.

दोन बॅटऱ्यांमधली छोटी जोड-केबल हमखास विसरली जाते. तिची घट वरच्या चार मापांत कुठेच वेगळी दिसत नाही. पहिल्या पायरीत दोन्ही बॅटऱ्यांची सेल्फ मारतानाची मापं घेतली होती. त्यांची बेरीज करा आणि टोकाच्या दोन खुंट्यांतल्या मापाशी ताडून पाहा. १०.८ आणि १०.८ म्हणजे २१.६, आणि टोकांवर २१.४, तर ०.२ जोड-केबलमध्ये जातात, ठीक आहे. टोकांवर २०.१ आले तर दीड व्होल्ट त्या वीतभर केबलने खाल्ले.

इथे एक सापळा आहे. सोलेनॉइडच्या आतला संपर्क जुळतच नसेल तर मोटरमधून करंट वाहत नाही, आणि करंट नाही तर घटही नाही. सगळी मापं सुंदर येतात, केबल निर्दोष सुटतात. म्हणून बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना निदान दोन-तीन व्होल्ट तरी खाली आलं का, किंवा क्लॅम्प मीटरवर शेकड्यांत करंट दिसला का, हे आधी पाहा. नसेल तर चौथ्या पायरीकडे जा.

अर्थ खराब असल्याची काही चिन्हं मीटरशिवायही दिसतात. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचे भलतेच दिवे मिणमिणतात. ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची लोखंडी केबल गरम होते, कारण अर्थची वाट बंद झाल्यावर करंट तिच्यातून घरी जायला बघतो. शंका असेल तर जाड जंपर केबल घ्या: एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला. सेल्फ जोरात फिरला तर उत्तर मिळालं.

खराब जोड सापडल्यावर नुसता आवळू नका. उघडा, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा, वॉशर बदला, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली जोडाच्या आत भरायची नाही. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला जातो. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. केबल लगजवळ फुगलेली, कडक झालेली किंवा दाबल्यावर कुरकुरणारी असेल तर आतलं तांबं हिरवं पडलेलं आहे. अशी केबल बदलायचीच, आणि बदलताना मूळ जाडीपेक्षा बारीक घ्यायची नाही.

पायरी तिसरी: हुकूम पोचतो का

सेल्फकडून टक् सुद्धा येत नसेल तर छोट्या टर्मिनलकडे या. त्यावर बहुधा ५० लिहिलेलं असतं. टेस्ट लॅम्पचं एक टोक त्यावर, दुसरं सेल्फच्या अंगावर. चावी फिरवल्यावर लॅम्प लख्ख पेटला तर हुकूम आलाय, दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर मागे मागे जात राहा. इथे मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा, कारण तो थोडा तरी करंट ओढतो आणि अर्धवट तुटलेली वायर उघडी पाडतो. लॅम्प पेटला तरी खात्रीसाठी ५० ची वायर जोडलेली असतानाच व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा दोन व्होल्टहून जास्त कमी असेल तर वाटेतले संपर्क झिजलेत.

जुन्या गाडीत वाट सरळ असते: फ्यूज, चावीचा स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच, स्टार्ट रिले (छोट्या करंटने ओढला जाणारा स्विच), मग ५०. रिले तपासताना ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० ला कायमचा पुरवठा, आणि रिले ओढल्यावर ८७ ला बाहेर पडणारा. कॉइलला पुरवठा आणि अर्थ दोन्ही आहेत, ३० ला व्होल्टेज आहे आणि ८७ कोरडं, तर रिले बाद. कॉइललाच पुरवठा नसेल तर दोष त्याच्या आधी. तसाच दुसरा रिले शेजारी असेल तर अदलाबदल करून पाहणं सर्वांत सोपं.

नव्या गाडीत चावी फक्त विनंती करते, निर्णय कंट्रोल युनिट घेतं. गिअर न्यूट्रलमध्ये नाही, क्लच पूर्ण दाबलेला नाही, इमोबिलायझरने (चोरीविरोधी यंत्रणेने) चावी ओळखली नाही, इंजिन आधीच चालू आहे असं युनिटला वाटतंय, केबिन नीट लॉक झालेली नाही, पीटीओ (इंजिनची ताकद दुसऱ्या यंत्राला देणारी जोडणी) लागलेला आहे. यांतलं एकही कारण सेल्फ अडवायला पुरतं. अशा वेळी आधी डॅशबोर्डवरचा संदेश वाचा, स्कॅनर असेल तर कोड वाचा, मग वायर सोलायला घ्या. काही गाड्यांत सेल्फ फार तापला की संरक्षण यंत्रणा तो काही काळ बंद ठेवते. लागोपाठ चार वेळा सेल्फ मारून झाल्यावर एकदम सामसूम झाली असेल तर थोडं थांबून पाहा.

सेल्फवरच्या ३० वरून ५० ला वायर देऊन सेल्फ थेट मारता येतो आणि निदान पक्कं होतं. पण त्यात सगळी सुरक्षा ओलांडली जाते. गाडी गिअरमध्ये असेल तर ती चालू पडेल आणि तुम्ही तिच्या खाली असाल. न्यूट्रल स्वतः हाताने तपासा, केबिनमध्ये माणूस बसवा, ठोकळे पुन्हा पाहा, वायरीत पुश बटण लावा आणि चाकांच्या रेषेबाहेर उभं राहा. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन मोठे स्टड जोडायची सवय मात्र सोडून द्या. तशाने पिनियन रिंगमध्ये जातच नाही, मोटर मोकळी सुसाट फिरते, आणि ठिणग्यांनी स्टडचे आटे जळतात.

पायरी चौथी: आता सेल्फ

बॅटरी चांगली, केबल चांगल्या, हुकूम आलेला, आणि तरीही नाही. आता सेल्फवर संशय घ्यायचा हक्क आहे. उतरवण्याआधी अजून एक माप: सोलेनॉइडमधून मोटरमध्ये जाणाऱ्या स्टडवर सेल्फ मारताना किती व्होल्ट येतात? ३० वर २३ आणि मोटरच्या स्टडवर शून्य किंवा खालीवर होणारा आकडा, तर सोलेनॉइडमधली तांब्याची चकती आणि संपर्क जळालेत. मोटरच्या स्टडवर पूर्ण व्होल्टेज आणि मोटर निश्चल, तर कार्बन झिजलेत, अडकलेत किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) तुटलंय. हलक्या हाताने ठोकल्यावर सेल्फ एकदा फिरला तर बहुधा कार्बनच. पण ते निदान झालं, दुरुस्ती नाही.

इंजिन हळू फिरत असेल तर करंट पाहा. व्होल्टेज कमी पोचतंय आणि करंटही कमी, तर वाटेत अडथळा आहे, पुन्हा दुसऱ्या पायरीवर. करंट नेहमीपेक्षा खूप जास्त आणि तरी गती नाही, तर एकतर आर्मेचर शॉर्ट आहे, बूश झिजून आर्मेचर आत घासतंय, किंवा इंजिनच जड आहे. हे ठरवायला इंजिन हाताने, फ्लायव्हील फिरवायच्या हत्याराने, दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. एका जागी ठार अडलं तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलेलं असू शकतं. तिथे सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ते प्रकरण मग इलेक्ट्रिकचं राहत नाही.

सेल्फ जोरात, पण इंजिन पेटत नाही

यातही विजेचा हात असू शकतो. इंजिन मिनिटाला साधारण १०० ते १५० फेरे तरी फिरलं पाहिजे. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. इंजिन फिरतंय हेच युनिटला कळत नसेल तर ते इंजेक्टर उघडणार नाही. (काही गाड्यांत काटा सेल्फच्या गतीला हलतच नाही, तिथे स्कॅनरवर पाहा.) युनिटला सेल्फ मारताना किती व्होल्ट मिळतात तेही मोजा. सेल्फ कसाबसा फिरतो पण व्होल्टेज इतकं कोसळतं की युनिट बंद पडून पुन्हा सुरू होतं, हे बसत आलेल्या बॅटरीचं लक्षण आहे. जुन्या पंपाच्या गाडीत इंधन तोडणारा सोलेनॉइड चावी लावल्यावर 'टक्' करतो का ऐका. एवढं ठीक असेल तर डिझेलच्या लाइनकडे वळा.

रस्त्यावर अडकल्यावर जंप देताना

२४ ला २४ च. १२ व्होल्टच्या गाडीतून २४ व्होल्टच्या ट्रकला जंप द्यायचा नाही आणि उलटंही नाही. आपल्या जोडीचा मुख्य प्लस कुठला ते केबल बघून ओळखा. मधली जोड-केबल धरली तर १२ व्होल्टचाच खेळ होतो आणि एका बॅटरीवर २४ व्होल्ट चढतात. आधी प्लसला प्लस, मग देणाऱ्या गाडीचा मायनस, आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या चासीवर किंवा इंजिनवर, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तर तिथे उडू दे. केबल जाड हवी. बारीक केबलवर लगेच सेल्फ मारण्यापेक्षा दहा मिनिटं नुसतं चार्ज होऊ द्या. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'अल्टरनेटर चांगला आहे का' बघायची जुनी पद्धत नव्या गाडीत कंट्रोल युनिट जाळते.

सुरू झाली, पण उद्या सकाळी?

इंजिन मध्यम गतीवर ठेवून बॅटरीवर मोजा: २७.५ ते २८.५ व्होल्ट हवेत. २६ च्या खाली असेल तर बेल्ट, अल्टरनेटरचं कनेक्शन, मग अल्टरनेटर. अल्टरनेटरच्या मोठ्या स्टडवर २८ आणि बॅटरीवर २६.५ असेल तर दुसऱ्या पायरीतलाच प्रकार, फक्त चार्जिंगच्या केबलवर. २९-३० दिसले तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरी उकळवून मारेल.

चार्जिंग ठीक आणि तरी रात्रभरात बॅटरी बसते, तर काहीतरी गुपचूप पितंय. सगळं बंद करून, दारं लावून, गाडीला अर्धा तास सोडा, म्हणजे युनिटं झोपी जातील. मग मायनस केबलवर लहान करंट मोजणारा क्लॅम्प लावा. मल्टिमीटर मालिकेत लावणार असाल तर लक्षात ठेवा, त्यातून सेल्फ मारायचा नाही आणि चावीही लावायची नाही, फ्यूज उडेल. काही दशांश अँपिअर सतत दिसत असतील तर एकेक फ्यूज काढण्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांत मिलिव्होल्ट मोजा. जिथे शून्याहून जास्त दिसेल त्या सर्किटमधून करंट जातोय. फ्यूज ओढला की झोपलेली युनिटं जागी होतात आणि सगळं माप बिघडतं, म्हणून हा मार्ग. बाहेरून बसवलेले ट्रॅकर, टेप, सजावटीचे दिवे आधी तपासा. त्यातलं काही नसेल तर अल्टरनेटरची मोठी वायर सोडून बघा. आतला डायोड शॉर्ट असेल तर गळती तिथेच थांबते. ही वायर थेट बॅटरीच्या प्लसला असते, म्हणून सोडण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, टोकावर टेप गुंडाळा, मग मायनस जोडून मोजा.

कारण सापडेपर्यंत रात्री मेन स्विच बंद ठेवता येतो. फक्त ज्या ट्रकांत एक्झॉस्टसाठी युरियाचं द्रावण वापरतात, तिथे चावी काढल्यावर पंप काही मिनिटं चालून नळ्या रिकाम्या करतो. तो आवाज थांबल्यावरच स्विच काढा, नाहीतर द्रावण नळीत सुकून खडे धरतं.